शेवटच्या घरातली आडवी रेघ

शिरूरच्या बाजारपेठेत आमच्या दुकानावर ‘संगणक प्रणाली व सेवा’ अशी पाटी होती. पाटी रंगवणाऱ्यानं कॉम्प्युटरचं चित्र काढलं ते हुबेहूब टीव्हीसारखं झालं, त्यामुळे सुरुवातीला लोक टीव्हीच दुरुस्तीला आणायचे. न्हावऱ्याचे एक गृहस्थ तर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घेऊन आले. काटा वजन जास्त दाखवत होता. मी म्हटलं, हे माझं काम नाही. ते म्हणाले, “आकड्याचंच काम करता न्हवं तुम्ही? मग ह्यात काय निराळं हाय?” तेव्हापासून धंदा काय म्हणून कुणी विचारलं, की मीही तेच सांगतो, आकड्यांचं काम करतो.

दूध संस्था, पतसंस्था, शाळा, पोल्ट्रीवाले, दोन साखर कारखाने ही माझी गिऱ्हाइकं. त्यांच्यासाठी मी प्रोग्राम लिहायचो. गिऱ्हाइकं बहुतेक चांगली होती, पण मशीनशी त्यांचं नातं आपापल्या पद्धतीचं. केंदूर या माझ्या गावचे दूध संस्थेचे सचिव दसऱ्याला कॉम्प्युटरची यथासांग पूजा करायचे. हळद, कुंकू, अक्षता, सगळं. आणि ते वरून नाही, थेट फ्लॉपीच्या फटीतून. मी दर वर्षी दिवाळीच्या आत जाऊन ब्रशनं कुंकू काढायचो. एकदा म्हटलं, “मामा, पूजा बाहेरून करा की.” ते म्हणाले, “देव आत असतो ना, म्हणून आत.” पुढच्या वर्षीही कुंकू आतच होतं.

तर अशा धंद्यातली ही एक गोष्ट. त्याआधी एक शब्द समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. तो शब्द म्हणजे लायब्ररी. आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे पुस्तकांची खोली नव्हे. लग्न आपल्या घरचं असतं, पण मांडव आपण शिवत नाही, मंडपवाल्याकडून आणतो. त्याचे खांब, त्याच्या कनाती, आपण फक्त आत पाहुणे बसवतो. तसंच प्रोग्राम लिहिताना काही नेहमीची कामं दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेली असतात. ती विकत आणायची आणि आपल्या प्रोग्रामात उभी करायची. मी अशीच एक लायब्ररी आणली होती. तिचं काम एकच, स्प्रेडशीटची फाईल उघडून आतले आकडे माझ्या प्रोग्रामच्या हाती देणं. स्प्रेडशीट म्हणजे रेघा मारलेला मोठा तक्ता, आडव्या ओळी, उभे रकाने, आणि दोन्ही जिथं छेदतात तिथं एक घर. ही लायब्ररी करणारी कंपनी परदेशातली, लहान, बहुधा दोघातिघांचीच. मांडव चांगला होता. खांब मी हलवून पाहिले नव्हते. कुणीच पाहत नाही.

दौंड तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं ऊसनोंदीचं काम मला मिळालं, ते दोन हजार सालाच्या आसपास. कारखान्याचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. ऊसनोंद म्हणजे कुणाच्या कोणत्या गट नंबरात किती क्षेत्र, उसाची जात कोणती, लागण कोणत्या तारखेची. या नोंदीवरून हंगामात कुणाचा ऊस आधी तुटायचा तो क्रम ठरतो. ऊस वेळेत तुटला नाही तर त्याला तुरा येतो, वजन उतरतं. आणि आपल्या आधी बांधाशेजारच्याचा तुटला तर त्याहून वाईट, ते दुःख पुढच्या लागणीपर्यंत टिकतं. त्यामुळे नोंदीतली एक तारीख इकडची तिकडे झाली तरी माणसं गट ऑफिसात येऊन उभी राहायची.

कारखान्याचं कार्यक्षेत्र गावांच्या गटांत वाटलेलं होतं. प्रत्येक गट ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर दिला. गटाचा कारकून नोंद तक्त्यात भरणार, फ्लॉपी कारखान्याच्या जीपमधून मुख्य ऑफिसात येणार, तिथं विद्या नावाची ऑपरेटर ती माझ्या प्रोग्रामला दाखवणार, आणि प्रोग्राम सगळ्या गटांचा मिळून तोडणीचा क्रम काढणार. अशी रचना होती. एकदा चाचणीही घेतली, तेव्हा सगळ्या गटांच्या फ्लॉप्या चालल्या.

खुटबाव गटाचे कारकून वसंत भालेराव. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पन्नाशीचे, उंच, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. मी कारकुनांना शिकवायला गेलो तेव्हा शंका विचारणारे ते एकटेच. म्हणाले, “कागदावर कुणी खाडाखोड केली तर दिसती. हितं दिसत न्हाई. मग हिशेब कुनी बदलला तर कळायचं कसं?”

मी म्हटलं, “आप्पा, फ्लॉपी तुमच्याच ताब्यात असणार.”

“माझ्या ताब्यात हाय म्हंजीच माझ्या अंगावर हाय,” ते म्हणाले.

बाकीचे हसले. कारखान्याचे शेतकी अधिकारी जगताप साहेब हसले नाहीत. हा सगळा ऊस विभाग त्यांच्या हाताखाली होता आणि कॉम्प्युटर आणायचा आग्रह त्यांचाच होता. त्यांनी ते बोलणं लक्षात ठेवलं. कारखान्याची निवडणूकही जवळ आली होती, आणि निवडणुकीच्या वर्षात साधी शिंक आली तरी ती कोणत्या पॅनलची ते लोक विचारतात.

हंगामाच्या तोंडावर विद्याचा फोन आला. “सर, सगळ्या गटांच्या फ्लॉप्या चालल्या. खुटबावची घातली की मशीन गपगार पडतं. माऊससुद्धा हलत नाही. बंद करून परत चालू करायचं, परत घालायची, परत तेच.”

“फ्लॉपी खराब असेल.”

“दुसऱ्या फ्लॉपीवर घेऊन पाहिलं. तीच तऱ्हा. आणि सर, इथं फार वाईट झालंय. तुम्ही या.”

वाईट झालं होतं ते असं. सोमवारी सगळ्या गटांच्या कारकुनांची बैठक असायची. तिथं सगळ्यांसमोर जगताप साहेब आप्पांना म्हणाले होते, “सगळ्यांच्या फ्लॉप्या चालतात, तुमचीच कशी चालत नाही? कॉम्प्युटर नको म्हणणारे तुम्ही एकटेच होता. कुणी शिकवलं तुम्हाला हे? कुठल्या पॅनलनं?” साहेबांनी खुटबावची नोंद काढून वरवंड गटाच्या कारकुनाकडे, शिवाजीकडे दिली. आप्पांवर चौकशीची नोटीस निघाली. चौकशीत दोषी ठरले असते तर नोकरी गेली असती. तोवर त्यांनी रोज ऑफिसात यायचं, पण कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली. न्हावरा, चौफुला करत कारखान्यावर पोहोचलो. यार्डात मोकळ्या गाड्या येऊन लागायला सुरुवात झाली होती. ऊसतोडणी टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहत होत्या. क्रम लागल्याशिवाय टोळी कुठं पाठवायची ते ठरणार नव्हतं.

खुटबावची फाईल मी आधी माझ्या प्रोग्रामात न घालता नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये उघडली. ती उघडली की. नावं, गट नंबर, क्षेत्राचे आर, जाती, तारखा, सगळं जागच्या जागी. इतकी नीट भरलेली फाईल दुसऱ्या कुठल्याच गटाची नव्हती. व्हायरस शोधला, नव्हता.

मग एक गोष्ट खटकली. पडद्याच्या उजव्या कडेला एक सरकपट्टी असते, तक्ता वरखाली करायची. तक्ता लहान असला की तिच्यातला ठोकळा मोठा दिसतो, तक्ता मोठा असला की बारीक होतो. खुटबावची नोंद काही शे ओळींची, आणि ठोकळा मात्र तिळाएवढा. म्हणजे फाईल म्हणत होती की मी फार मोठी आहे.

तक्त्याच्या शेवटच्या भरलेल्या घरात एका उडीत नेणारं बटण असतं. ते दाबलं. पडदा पांढरा झाला. त्या काळी तक्त्यात पासष्ट हजार पाचशे छत्तीस ओळी आणि दोनशे छप्पन्न रकाने असायचे. मी थेट त्या सगळ्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं जगातलं बहुधा कुणी कधी जात नाही, तिथं पोहोचलो होतो. त्या घरात एक आडवी रेघ होती आणि पुढं ‘व. भा.’ अशी सही.

विद्या माझ्या खांद्यावरून पाहत होती. ती म्हणाली, “आप्पा तिथं कशाला गेले?”

तेच विचारायला मी खुटबावला गेलो. आप्पा गट ऑफिसच्या बाहेर बाकावर बसले होते. आतल्या कॉम्प्युटरवर फडकं टाकलेलं होतं. मी म्हटलं, “जय भीम आप्पा.” ते उठून उभे राहिले, मला बसायला जागा दिली, मगच बसले.

“शेवटच्या घरात रेघ कुणी मारली?”

“मीच.” त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. “चुकली व्हय?”

“का मारली?”

“सायेब, कागदावर नोंद संपली की खालच्या कोऱ्या जागंवर तिरपी रेघ मारायची. वरच्या कोपऱ्यातनं खालच्या कोपऱ्यात. आन् खाली सही. न्हाईतर मागनं कुनीबी यिऊन दोन नावं घुसडतंय, आन् अक्षर माझ्यावानी काढतंय. कोरी जागा सोडली की आवतन दिल्यावानी हाय. आता ह्या तुमच्या मशिनीत तिरपी रेघ मारता येत न्हाई. मंग म्या काय केलं, शेवटच्या नावाच्या खाली एक रेघ मारली, आन् पार तळाला जाऊन एक मारली. दोनी टोकं बांधली.”

“आणि चाचणीच्या वेळी? तेव्हा तर तुमची फ्लॉपी चालली होती.”

“तवा नोंद अर्धीच हुती. अर्धी नोंद कोन बंद करतंय?”

सगळा उलगडा झाला होता. स्प्रेडशीटच्या फाईलीत अगदी सुरुवातीला लिहिलेलं असतं, की आत अमुक ओळी आणि अमुक रकाने आहेत. माझ्या मंडपवाल्याची लायब्ररी तो आकडा वाचायची आणि तेवढ्या घरांसाठी मशीनच्या मेमरीत आधीच जागा धरून ठेवायची. खरंच तेवढी भरलेली आहेत का, हे पाहायची नाही. आप्पांनी तळाला एक रेघ मारली, म्हणून फाईल म्हणाली, मी तळापर्यंत आहे. पासष्ट हजार पाचशे छत्तीस गुणिले दोनशे छप्पन्न म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर घरं. आमच्या मशीनची सगळी मेमरी त्याला लागणाऱ्या जागेच्या जेमतेम चौथा हिस्सा. काही शे पाहुण्यांसाठी लायब्ररी अख्ख्या तालुक्याची पंगत मांडायला निघाली होती, आणि मशीन त्याखाली आडवं झालं होतं.

आप्पांना एवढं सांगितल्यावर ते म्हणाले, “मंजी एक रेघ काढली की चालंल?”

“चालेल.”

“मंग काढा आन् मिटवा.” पण लगेच म्हणाले, “न्हाई, मिटत न्हाई सायेब. रेघ काढून मशिन चालंल. माझं काय? माझं नाव सगळ्या गटांच्या म्होरं घेतलंय. माझ्या आडनावाच्या मानसाला कागदावर डाग पडून चालत न्हाई. म्हून तर मी आजवर कोरी जागा सोडली न्हाई. आन् नेमकं त्यातच अडाकलो.”

मी जमीनदार घरातला माणूस. माझ्या हातून कुठं कोरी जागा राहिली तर लोक म्हणायचे, विसरला असेल. हा फरक त्या बाकावर मला पहिल्यांदा नीट दिसला.

कारखान्यावर परतताना विचार करत होतो. रेघ काढून क्रम लावून देणं अर्ध्या तासाचं काम होतं. पण तसं केलं तर जगताप साहेब म्हणणार, बघा, भालेरावनं आत काहीतरी लपवून ठेवलं होतं, ते काढलं आणि चाललं. ते खोटंही ठरलं नसतं. आप्पांना सोडवायचं तर दोष वाचणाऱ्यात आहे, लिहिणाऱ्यात नाही, हे दाखवायला हवं होतं. वाचणारा म्हणजे माझा प्रोग्राम. मंडप भाड्याचा असला तरी लग्न माझं होतं.

संध्याकाळी कॉम्प्युटरच्या खोलीत कारखान्याचे कार्यकारी संचालक आले. त्यांना सगळे एम. डी. साहेब म्हणत. जगताप साहेब होते, विद्या होती. मी एम. डी. साहेबांना म्हटलं, “साहेब, एक नवी फाईल तुमच्या हातानं करा. पहिल्या घरात तुमचं नाव लिहा.”

त्यांनी दोन बोटांनी शोधून शोधून नाव लिहिलं.

“आता विद्या तुम्हाला शेवटच्या घरात नेईल. तिथं नुसता एक ठिपका द्या.”

त्यांनी ठिपका दिला. फाईल फ्लॉपीवर घेतली. विद्यानं ती माझ्या प्रोग्रामला दाखवली. मशीन गपगार पडलं.

एम. डी. साहेबांनी माऊस हलवून पाहिला, हलला नाही. मग ते म्हणाले, “जगताप, माझ्यावर नोटीस काढा. आणि पॅनल कुठलं तेवढं बघून लिहा.”

जगताप साहेबांना हसता आलं नाही. ते माझ्याकडे वळले. “म्हणजे दोष तुमच्या प्रोग्रामात आहे.”

“हो. मी आणलेल्या लायब्ररीत आहे, आणि ती मी आणली.”

“मग हे काम तुमच्याकडे का ठेवायचं?”

“काढून घ्या. पण नवीन माणूसही असाच कुठून तरी मांडव आणेल. काम देण्याआधी त्याला साहेबांची ही फ्लॉपी द्या आणि घालून दाखव म्हणा.”

एम. डी. साहेब मशीनकडेच पाहत होते. “म्हणजे कुणीही एक ठिपका दिला, की माझा कारखाना बंद?”

मी ते तिथंच थांबवू शकलो असतो. पण माझ्या मनात त्याहून मोठी गोष्ट होती, आणि पुढच्या चार दिवसांत घरच्या मशीनवर मी ती खरी करून पाहिली. मोटारसायकलचा मीटर शेवटच्या नव्व्याण्णवांवर पोहोचला की फिरून शून्यावर येतो. मशीनमधल्या आकड्यालाही अशी एक कड असते. फाईलीच्या सुरुवातीचा तो आकडा कुणी हातानं बदलून प्रचंड केला, तर लायब्ररीचा गुणाकार कड ओलांडून फिरतो आणि उत्तर शून्य येतं. मग लायब्ररीला वाटतं, जागा लागतच नाही. ती जागा धरत नाही, पण आकडे मात्र ओतत राहते. ते कुठं जातात? बांध फोडून शेजारच्या वावरात. मेमरीत शेजारी जे काही ठेवलेलं असेल त्याच्या अंगावर. आणि काय ओतायचं हे फाईल करणाऱ्याच्या हातात. नीट बेतून ओतलं तर फाईल नुसती मशीन थांबवणार नाही, मशीन ताब्यात घेईल. आप्पांच्या रेघेत असलं काही नव्हतं. पण त्या रेघेनं दाखवलेली भिंतीतली चीर तीच होती.

एम. डी. साहेबांना मी हे बांधाचंच उदाहरण देऊन सांगितलं. बांध म्हटल्यावर त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

“किती लोकांना माहीत आहे हे?”

“आपल्या चौघांना.”

“मग निवडणूक होईपर्यंत चौघांतच राहू दे.”

“बाहेर बोलणार नाही,” मी म्हटलं. “पण ज्यांनी लायब्ररी केली त्यांना आज कळवतो. ती आणखी कुणाकुणाकडे आहे ते त्यांनाच माहीत. आणि भालेराव आप्पांची नोटीस चौघांत ठेवून चालणार नाही. ती सगळ्यांसमोर निघाली होती.”

जगताप साहेब म्हणाले, “नोटीस मागं घेतो. विषय संपला.”

“आप्पांचा संपला नाही,” विद्या म्हणाली. ती कधी मध्ये बोलायची नाही. जगताप साहेब तिच्याकडे बघतच राहिले.

खुटबावच्या फाईलीतली तळाची रेघ काढली आणि तोडणीचा क्रम त्याच संध्याकाळी लागला. मी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला, तो फाईल उघडण्याआधी सुरुवातीचा आकडा पाहायचा आणि जास्त असला तर फाईल दारातच थांबवायचा. तात्पुरता बंदोबस्त. नोटीस दुसऱ्या दिवशी मागं घेतली. आप्पांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, पण कॉम्प्युटरवरचं फडकं काही काढलं नाही. शिवाजीनं येऊन विचारलं, “आप्पा, तुमची नोंद परत घ्या की. माझीच मला झेपंना.” आप्पा म्हणाले, “ज्या तोंडानं घेतली त्या तोंडानं दिऊ दे.”

इकडे मी लायब्ररीवाल्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. माझी पत्नी शिरूरला शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं मसुदा वाचला आणि म्हणाली, “काय बिघडलंय ते तिसऱ्या परिच्छेदात कळतं. तोवर तुम्ही नुसते नमस्कार करताय.” तिनं तिसरा परिच्छेद वर आणला. स्टँडजवळच्या सायबर कॅफेतून ईमेल पाठवला.

उत्तर आलं. आभार मानले होते, आणि लिहिलं होतं की तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे, पण प्रत्यक्षात अशी फाईल कुणी बनवत नाही. मी उलट लिहिलं की खुटबाव नावाच्या गावी बनवतात, आणि तिथं तसं करण्याला सबळ कारण आहे. सोबत दुसरी फाईलही पाठवली, आकडा हातानं बदललेली, बांध फोडणारी. या वेळचं उत्तर फार लवकर आलं, त्यात विनयही जास्त होता. दुरुस्त प्रत येईपर्यंत कुठं बोलू नका, अशी विनंती होती. मी पाळली. महिन्याभरात दुरुस्त लायब्ररी आली. बदलांच्या यादीत एक ओळ होती, ‘मोठ्या फाईलींच्या हाताळणीत सुधारणा.’ कुणी शोधलं, कसं शोधलं, काही नाही. मी आप्पांचं नाव कळवलं होतं, ते त्यांनी घातलं नाही. याची मला अजून चुटपुट आहे. नंतरच्या काळात असे दोष शोधणाऱ्यांची नावं छापण्याची पद्धत आली. आम्ही थोडे आधी जन्मलो.

नवी लायब्ररी घेऊन मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे फिरलो. केंदूरच्या दूध संस्थेत आधी कुंकू काढलं, मग ती बसवली. शेवटी कारखान्याकडे गेलो. सोमवार होता. सगळ्या गटांचे कारकून हॉलमध्ये बसले होते. आप्पा मागच्या रांगेत होते. आजपासून फाईली कशा पाठवायच्या ते मी सांगितलं. तक्त्याच्या तळाला रेघ मारली तरी आता काही होणार नाही, हेही सांगितलं. सगळ्यांनी वळून आप्पांकडे पाहिलं.

मग जगताप साहेब उभे राहिले. त्यांना भाषण करायची सवय होती, पण त्या दिवशी त्यांनी दोन वेळा घसा खाकरला.

“खुटबावच्या बाबतीत मी इथंच, तुमच्यासमोर बोललो होतो,” ते म्हणाले. “ते बोलणं चुकीचं होतं. आप्पांनी काही केलेलं नव्हतं. खुटबावची नोंद आजपासून परत आप्पांकडे. आणि सगळ्या गटांच्या फ्लॉप्या मशीनमध्ये जाण्याआधी आप्पांनीच तपासायच्या.”

वरवंडचा शिवाजी हळूच म्हणाला, “आप्पा, मागं एका सोमवारी चोर आन् ह्या सोमवारी फौजदार. बढती जोरात हाय तुमची.”

सगळे हसले. आप्पाही हसले. मग उठून उभे राहिले.

“तपासतो सायेब,” ते म्हणाले. “समद्यांच्या तपासतो. पन माझी कोन तपासनार?”

“तुमची कशाला तपासायची?” जगताप साहेब म्हणाले. “तुमच्यावर आता सगळ्यांचा विश्वास आहे.”

“न्हाई सायेब. मागं इश्वास न्हवता तवाबी माझी फाईल कुनी उघडून बघितली न्हवती. आज हाय, तरीबी बघनार न्हाई. मंग फरक काय पडला?” आप्पांचा आवाज चढला नव्हता. “मला इश्वास नको. माझी फ्लॉपी बघत जा, येवढंच म्हननं हाय.”

मी मध्ये पडणार होतो, पण विद्यानं मला डोळ्यांनी थांबवलं.

जगताप साहेब रांगांमधून चालत मागं गेले. आप्पांच्या पुढ्यात जाऊन त्यांनी हात पुढं केला. आप्पांनी खिशातून खुटबावच्या नोंदीची जपून ठेवलेली फ्लॉपी काढून त्यावर ठेवली. साहेब ती घेऊन शेजारच्या खोलीत गेले. विद्याची खुर्ची ओढून स्वतः मशीनसमोर बसले आणि दारात आलेल्या विद्याला म्हणाले, “मला दाखव बरं, शेवटच्या घरापर्यंत जायचं कसं.”